फुटक्या कौलाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी शहापुरातल्या आमच्या जुन्या घरावर वीस मिनिटे गारा पडल्या. सुरुवात नेहमीसारखीच होती. सकाळपासून जीव कासावीस करणारा उकाडा, तीनच्या सुमारास येळ्ळूरच्या बाजूने काळे होत आलेले आभाळ, धुळीचा लोट, मग मातीचा वास आणि टपोरे थेंब. वळीव आपल्या बेळगावकरांना नवा नाही. नातवंडे टोपली घेऊन गारा वेचायला अंगणात धावली तेव्हा मीही हसतच होतो. पाच मिनिटांनी त्यांना ओढून आत आणावे लागले. बोराएवढ्या गारा लिंबाएवढ्या झाल्या होत्या आणि डोक्यावर कोणी दगडांची पोती रिकामी करीत असावे तसा आवाज चालला होता. माजघरात उभा राहून वर पाहिले, तर जिथे कधीच उजेड नव्हता तिथे उजेडाच्या तिरिपी दिसत होत्या.

संध्याकाळी शिडी लावून मोजदाद केली. ८३ कौले फुटली होती.

घर आम्हा तिघा भावांचे. थोरले पुण्याला, धाकटा हैदराबादला, मधला मी इथे. रात्री दोघांनाही फोन केला. थोरले म्हणाले, "खर्च किती येतो ते सांग, मग बघू." धाकटा म्हणाला, "कौले उतरव आणि पत्रे घालून टाक. एकदाच काय तो खर्च." दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते. पण 'एकदाच काय तो खर्च' हे शब्द माझ्या कानात राहिले, कारण ते या घराने पूर्वी एकदा ऐकलेले होते. आजोबांनी जुनी नळीची कौले उतरवून मंगळुरी कौले घातली, तेव्हा तेही हेच म्हणाले होते असे आजी सांगत असे. तेव्हापासून मी छपराच्या खर्चाच्या मागे लागलो. गारांनी फोडलेले छप्पर आपल्याकडे कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हाताने दुरुस्त होत आले, याचा हा शोध आहे.

आधी गारेविषयी थोडे. मराठीत 'गार' म्हणजे आभाळातून पडणारा बर्फाचा गोळा, आणि 'गार' म्हणजे पांढरा कठीण दगडही. गारगोटी हा त्यातलाच शब्द. आपले कानडी शेजारी तिला 'आलीकल्लू' म्हणतात, त्यातही 'कल्लू' म्हणजे दगडच. दोन्ही भाषांना ती पाण्याची वस्तू न वाटता दगडाची वाटली, यात अनुभव आहे. पंचवीस मिलिमीटरची, म्हणजे साधारण बोराएवढी गार सात-आठ ग्रॅमची असते. तिचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. जड गार पडतेही अधिक वेगाने, त्यामुळे तिचा तडाखा जवळजवळ सोळापट होतो. बोराएवढ्या गारांनी आमचे एकही कौल गेले नव्हते. गेली ती सगळी शेवटच्या सात-आठ मिनिटांत.

उत्तर हिंदुस्थानात याहून भयंकर प्रकार घडले आहेत. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद भागात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मेली, आणि गारपिटीने झालेली ती आजवरची सर्वांत मोठी नोंदलेली मनुष्यहानी मानली जाते. जागतिक हवामान संघटनेच्या विक्रमांच्या यादीतही तिला जागा आहे. पुढे हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या वर्षांतल्या गारपिटींच्या नोंदी गोळा करून त्यांच्यावर एक प्रबंधच लिहिला. आपल्या दख्खनच्या पठारावर गारा फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, वळवाच्या ढगांतून येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट पुष्कळांना आठवत असेल. हा काळ ध्यानात ठेवावा, कारण गारा मृगाच्या आधी येतात आणि जुन्या माणसांचा छपराचा सगळा हिशेब मृगावर बांधलेला होता.

बेळगाव जिल्ह्यात छपरांचे निदान तीन प्रकार पूर्वापार नांदत आले. पूर्वेकडे, जिथे पाऊस कमी आणि माती काळी, तिथे धाब्याची सपाट घरे. लाकडी तुळयांवर फळ्या नाहीतर काटक्या, वर मातीचा जाड थर. त्याच्यावर गारा पडल्या तर खळगे पडतात, चार पाट्या माती टाकून चोपली की काम झाले. पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडे, गवताची छपरे. गवतावर गार आपटत नाही, रुतते. दोन्हीकडे गारांचा खर्च जवळजवळ शून्य. मधल्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, नंदगड इथे पाऊस भरपूर आणि वस्ती दाट. गवताला आगीचे भय, धाब्याला पावसाचे. म्हणून इथे कौल आले. गारांना फोडण्याजोगे काही सापडले ते इथेच.

हे पहिले कौल म्हणजे कुंभाराच्या हातचे नळीचे कौल. चाकावर निमुळती नळी वळवायची, ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करायचे, वाळवून आव्यात भाजायची. छपरावर एक रांग उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. 'कौल' हा शब्द संस्कृत 'कपाला'वरून आलेला. इंदूर-देवासकडची आपली माणसे त्याला 'कवेलू' म्हणतात, तेही त्याच घरातले. देवाला लावायचा कौल आणि कौलनाम्यातला कौल मात्र अरबी, तो निराळा. या शब्दांची गल्लत करून विनोद करण्याची सवय आमच्या आजोबांना होती, कौले फुटली की ते म्हणत, "देवाने कौल दिला, उजवा की डावा ते कुंभाराला विचारा."

नळीचे कौल हे तसे कच्चे प्रकरण. दोन कौले एकसारखी नसत. वाऱ्याने हलत, मांजरे धावली की सरकत, माकडे आली तर विचारूच नका. गारेने फुटत, आणि गार नाही पडली तरी फुटत. म्हणून दर वर्षी वैशाख-ज्येष्ठात, मृग लागायच्या आत घर शाकारावे लागे. सगळी कौले उतरवायची, खालचा पालापाचोळा, उंदरांची घरटी झाडायची, कुजलेली रीप बदलायची, फुटकी कौले बाजूला काढायची आणि पुन्हा रचायची. फुटक्यांच्या जागी कुंभाराकडून टोपलीभर नवी यायची. नवे कौल जुन्याशी जुळण्याचा प्रश्न नव्हता, कारण मुळात कुठलेच कोणाशी जुळत नव्हते. मोठे तुकडे आढ्याजवळ नाहीतर वळचणीला बसवून टाकीत. बारीक तुकडे कुटून जमिनीच्या चुन्यात जात.

मला यातली मुख्य गोष्ट दिसते ती अशी. गारा चैत्र-वैशाखात पडत आणि शाकारणी त्यानंतर लगेच असे. त्यामुळे गारांचा म्हणून वेगळा खर्च कोणाच्या वहीत पडतच नसे. साठ कौले गारांनी गेली काय आणि चाळीस माकडांनी गेली काय, ती शाकारणीच्या एकाच खर्चात मुरून जात. तो खर्च तरी कसला? कुंभार गावचा बलुतेदार, त्याला सुगीला धान्य मिळायचे. कौलांसाठी वर काही द्यावे लागे, पण ते व्यवहार वर्षाचे असत, गारपिटीच्या दुसऱ्या दिवसाचे नसत. शाकारायला घरचे, भावकीतले, शेजारचे हात. त्यांना दुपारचे जेवण. आज आमचे घर, उद्या तुमचे. खर्च नव्हता असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. बलुत्यावर राबणाऱ्या कुंभाराला त्याच्या कष्टाचे मोल मिळत होते की नाही, हे त्याला कोणी विचारले नाही. आपल्या छपराची स्वस्ताई थोडीबहुत त्याच्या अंगावर होती.

सरकार या खर्चात कुठे होते? मराठी अमदानीतल्या महसुलाच्या कागदांत 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द पुन्हा पुन्हा येतो. मामला मक्त्याने देताना करारात अट असे, की अस्मानी म्हणजे अवर्षण, अतिवृष्टी, गारा, टोळ अशी आभाळातून आलेली आफत आणि सुलतानी म्हणजे फौजेची लूट, यांनी नुकसान झाले तर रकमेत सूट मिळेल. ही सूट पिकाची. गारेने ज्वारी झोपली तर सारा कमी होई. त्याच गारेने त्याच कुळाचे छप्पर फोडले तर त्याचा उल्लेख नाही. कारणही सरळ आहे, सारा जमिनीवर होता, छपरावर नव्हता. जिथून वसूल नाही तिथे सूट कशाची?

इंग्रजी अमलात रीत बदलली, नजर बदलली नाही. पिकाची आणेवारी आली, तहकुबी-सूट यांचे नियम आले. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई आली, ती विहीर-बांधासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी. पीक किती आणे हे ठरवायला गावात माणूस येई. छप्पर किती आणे राहिले, हे पाहायला कोणी आले नाही.

एका कायद्यात मात्र छपरावरची आफत सापडते. तो म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्यात भाडेकरूच्या हक्कांत असे म्हटले आहे, की आग, वादळ किंवा पूर, अथवा सैन्याचा वा जमावाचा दंगा यांनी भाड्याच्या जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूला करार रद्द समजता येतो. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. आग, वादळ, पूर हे अस्मानी. सैन्य आणि जमाव हे सुलतानी. पेशव्यांच्या कारकुनाने लिहावे तसेच इंग्रजी मसुदेकाराने लिहिले आहे. पण ८३ कौले फुटणे म्हणजे घर कायमचे निरुपयोगी होणे नव्हे. तिथे दुसरे पोटकलम लागते. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती तो सूचना देऊनही वाजवी वेळेत करीत नसेल, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. कागदावर हे न्याय्य आहे. पुढे भाडेनियंत्रण आले, भाडी गोठली, आणि आपल्या गल्ल्यांतल्या कित्येक वाड्यांत अशी स्थिती आली की वर्षाचे सगळे भाडे जमा केले तरी एका पाख्याची कौले यायची नाहीत. मालक म्हणे परवडत नाही, भाडेकरू म्हणे घर माझे नाही. त्या वादात छप्पर दोघांच्याही डोक्यावर गळत राहिले. कितीतरी वाडे मालकाने पाडले असे आपण म्हणतो. त्यांतले पुष्कळ आधी वरून पडत आले होते.

आता मंगळुरी कौलांकडे वळतो, कारण आमच्या घराची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

एकमेकांत अडकणारे, साच्यात दाबून काढलेले कौल ही मूळची फ्रान्सची कल्पना. आल्सास प्रांतातल्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते आपल्या किनाऱ्यावर आणले बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी. गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरात नेत्रावतीच्या काठी जेप्पू इथे कारखाना काढला. धर्मांतरानंतर जातीबाहेर पडलेल्या लोकांना रोजगार द्यावा, हा त्यामागचा एक हेतू होता. नेत्रावतीची माती उत्तम निघाली, घाटाखालच्या रानात जळण होते, दारात बंदर होते. तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, अल्बुकर्क यांचा कारखाना उभा राहिला आणि मग पुष्कळ झाले. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता शत्रूची म्हणून सरकारने ताब्यात घेतली आणि कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कौलांचा साचा मात्र तोच राहिला.

इथे एक भ्रम दूर करून ठेवतो, कारण आपल्याकडे तो घरोघर आहे. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि '१८६५' असा आकडा उठवलेला दिसला, की आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, "आमची कौले १८६५ सालची." ते कारखाना स्थापन झाल्याचे वर्ष आहे. त्यानंतर कित्येक दशके निघालेल्या कौलांवरही तोच आकडा आहे. आमच्या घरी ही गोष्ट मी सांगितली तेव्हा थोरल्या बंधूंना ती आवडली नाही.

मंगळुरी कौले बेळगावला पोचायची वाट लांबची होती. मंगळुराहून पत्तेमारीतून किनाऱ्या-किनाऱ्याने, वेंगुर्ल्याला उतरायची, तिथून बैलगाड्यांनी घाट चढून वर. गाडीचा रस्ता, घाटाची चढण. वाटेत फुटणारी कौले घेणाऱ्याच्याच अंगावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-लोंढा आणि मुरगावची रेल्वे झाली तशी वाट सोपी झाली. पुढे खानापूर पुढे आले. मलप्रभेच्या काठची तिथली माती नामांकित, कुंभारकाम पिढीजात, रान जवळ. मंगळुरी साच्याची कौले खानापुरातच निघू लागली आणि 'खानापूरची कौले' हा आपल्या भागात मालाचा प्रकारच झाला. स्वातंत्र्यानंतर ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खानापुरातच आली, ती उगाच नव्हे.

या कौलाची करामत मोठी होती. नळीच्या कौलांचे छप्पर जड, त्याला जाड वासे लागत. मंगळुरी कौल दोन-तीन किलोचे, पण शंभर चौरस फुटांना साधारण दीडशेच पुरतात. मागच्या बाजूच्या नाकाने ते रिपेला धरते आणि कडेच्या खाचेने शेजाऱ्याला. वाऱ्याने हलत नाही. चांगले भाजलेले असेल तर वाजवून पाहिले की भांड्यासारखे खणकन वाजते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला दर वर्षीची शाकारणी नको.

आणि माझ्या मते खर्चाची गोष्ट उलटली ती इथेच. शाकारणी गेली तसा वर्षाचा तो नेमही गेला. वैशाखात छपरावर कोणी चढेनासे झाले. शाकारणारे हात दुसऱ्या कामांना लागले. भावकीचे जेवण बंद झाले. कुंभाराचे बलुते तर केव्हाच सुटले होते. दहा-दहा, वीस-वीस वर्षे छपरावर खर्च नाही, म्हणून मनातून त्याची तजवीजही नाही. आणि मग एका दुपारी गारा पडतात. पूर्वी जो वर्षाच्या कामातला एक भाग होता तो आता अकस्मात आलेला खर्च होतो. गार तीच, घर तेच.

दुसरी अडचण साच्याची. नळीचे कौल कोणत्याही कुंभाराचे चाले. मंगळुरी कौल साच्याचे, आणि प्रत्येक कारखान्याचा साचा केसभर वेगळा. खानापूरचे कौल मंगळुरच्या रांगेत बसवायला गेलात की खाच बसत नाही, कड उचलते, आणि त्या फटीतून पाणी रिपेवर उतरते. दोन पावसाळ्यांत रीप कुजते. म्हणून शहाणी माणसे घर बांधतानाच शे-दोनशे कौले जास्त घेऊन परसात रचून ठेवीत. आमच्याकडेही अशी रास होती. लहानपणी आम्ही तिच्यामागे लपत असू. तिचे काय झाले विचारले, तर आईच्या आठवणीप्रमाणे ती एका लग्नाच्या वेळी चुलवणासाठी वापरली गेली आणि उरलेली कुणी कुणी मागून नेली.

आता आकडे मांडतो. आमचे घर जमिनीवर वीस बाय चाळीस फूट. उतार धरून छप्पर सव्वानऊशे चौरस फुटांचे, म्हणजे चौदाशेच्या आसपास कौले. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय यादीत गारपीट आहे. २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत पक्क्या घराचे अंशतः, पण निदान १५ टक्के नुकसान झाले असेल तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये मदत आहे. राज्य सरकार वेळोवेळी आपली भर घालते ती वेगळी. पंधरा टक्के म्हणजे आमच्या घराची २१० कौले. वाहतुकीसह एका कौलाला पन्नास रुपये धरले तर १०,५०० झाले. दोन माणसे चार दिवस, माणशी हजार रुपये धरले तर आठ हजार. रिपा, खिळे, वाटेतली फूट सोडून साडेअठरा हजार. तुमच्याकडचा दर वेगळा असेल तर तो घालून पाहा. मदत खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर सहसा जाणार नाही. शहापुरातली आपली बरीचशी घरे मातीच्या भिंतींची आहेत. ती कच्च्यात धरली गेली तर अजून कमी.

आमची फुटलेली कौले ८३, म्हणजे जेमतेम सहा टक्के. म्हणजे निकषात आम्ही नाहीच. मी कोणाला दोष देत नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण छपराचे गणित टक्क्यांचे नसते. सहा टक्के कौले फुटली म्हणून घर सहा टक्के गळत नाही. पाणी एका भोकातून शिरते, वाशावरून चालत दहा फूट पलीकडे जाते आणि मातीच्या भिंतीच्या माथ्यात मुरते. भिंत गेली की मग आपण पंधरा टक्क्यांच्या वर आरामात जातो.

पत्र्याचाही विचार मी केला, धाकट्याच्या शब्दाखातर. नागमोडी पत्रा इंग्लंडात १८२९ मध्ये आला, जस्ताचा मुलामा त्यानंतर काही वर्षांनी. गारांनी तो फुटत नाही, पोचे पडतात. पण मुलामा जिथे तडकतो तिथे गंज धरतो, आणि भोक एक पडले तरी बदलायचा असतो आख्खा पत्रा. सिमेंटच्या पत्र्याला तर गारेने चीर जाते, ती खालून दिसत नाही, पहिल्या पावसात समजते. वैशाखात त्याच्याखाली बसवत नाही, आणि गारा पडताना बोललेले ऐकू येत नाही. स्लॅबवाल्यांना वाटते आपण सुटलो. टिळकवाडीतल्या माझ्या एका मित्राच्या स्लॅबला त्या दुपारी काही झाले नाही, त्याच्या सौर बंबाच्या काचेच्या नळ्या मात्र निम्म्या फुटल्या. सौर विजेच्या पाट्यांची जी प्रमाणित चाचणी असते, तिच्यात २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने अकरा ठिकाणी मारून पाहतात. म्हणजे बोराएवढी गार. लिंबाचा हिशेब मी वर दिलाच आहे.

वाटण्या झालेल्या घरांत याला आणखी एक पदर असतो. खणाखणांची वाटणी होते, भिंत घातली जाते, चुली वेगळ्या होतात. छप्पर मात्र एकच राहते. एका भावाच्या पाख्यावरचे पाणी दुसऱ्याच्या पन्हळीत पडते. ज्याच्या खणावर कौले फुटली त्याने खर्च करायचा की सगळ्यांनी, यावर आपल्या समाजात किती घरांतले बोलणे बंद झाले आहे हे वाचकांना मी सांगायला नको. आमच्याकडे सुदैवाने वाटणी झालेली नाही. आता होऊ नये म्हणून तरी हे छप्पर नीट व्हायला हवे, असे मला त्या रात्री वाटले होते, ते कोणाला बोललो नाही.

कौले चढवणारा माणूस शोधायला आठ दिवस गेले. शेवटी वडगावचा एक सत्तरीचा कारागीर मिळाला. त्याने कौल हातात घेतले, पाठ पाहिली, बोटाने वाजवले आणि म्हणाला, "काका, गारंनं त्र्याऐंशी फुटल्यात. माझ्या पायानं आणि धा-बारा फुटतील. ती बी आत्ताच धरून मोजा." कोणत्याही अंदाजपत्रकात मी इतकी सरळ ओळ वाचलेली नाही. छपरावर चढल्याशिवाय फुटके कौल बदलता येत नाही आणि चढल्यावर चांगले फुटल्याशिवाय राहत नाही.

त्यानेच उपाय सांगितला. परसातल्या न्हाणीघराची पडवी आमच्या घराबरोबरच कौलारलेली, एकाच कारखान्याची. तिची १९० चांगली कौले उतरवली आणि पडवीवर पत्रा घातला. धाकट्याचा शब्द तेवढ्यापुरता राहिला. पलीकडच्या गल्लीत एक जुने घर पाडायला घेतले होते. त्याच्या कौलांच्या पाठीवर तीच अक्षरे होती. तिथून ११० घेतली. तिथला ठेकेदार ती फोडून भरावात टाकणार होता, आम्ही मागितल्यावर त्याने दर सांगितला. घर मोडत असताना त्याची कौले विकत घेणे मला अवघड गेले. त्या घरात मी लहानपणी गणपतीच्या आरतीला जात असे.

९५ कौले लागली. म्हाताऱ्याचा अंदाज एकानेही चुकला नाही. मृगाच्या तीन दिवस आधी काम झाले. थोरल्या बंधूंनी खर्चाचे तीन भाग करून आपला लगेच पाठवला, आणि मागितले नसताना पुढे एक रीत घातली, अक्षय्यतृतीयेला तिघांनी छपरासाठी सारखी रक्कम वेगळी ठेवायची, गारा पडोत न पडोत. त्या वर्षी माजघरातल्या मखरावर एक थेंब पडला नाही. हैदराबादहून धाकटा आला होता. आरती झाल्यावर त्याने मान वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "शिल्लक किती?"

परसात आंब्याखाली २०५ कौले उभी रचून ठेवली होती. नंतरच्या दोन वैशाखांत गारा पडल्या नाहीत. माकडांनी मिळून एकोणीस फोडली. आजची शिल्लक १८६.